तालमीतली चंद्रा

१२ जानेवारी १९७५, रविवार

लालासाहेबकाकानं मुंबईस्नं डायरी धाडलीया. वर सोनाराच्या दुकानाचं नाव हाय. काका तिकडं सोनं गाळायचं काम करतो, सोनारं त्याला दरसाल डायऱ्या देत्यात. आमचे वडील तात्या म्हनले, "राही, तू घे. सातवीपातुर शिकलीयास, अक्षर बरं हाय. नाटकाला काय काय लागतंय त्ये लिवून ठेव." पर त्ये मला पाठ हाय, लिवायचं कशाला. म्हनून मी आपलं माझंच लिवनार. कुनी वाचायचं न्हाई.

तर नाटक. आमच्या गावच्या जत्रंला दरसाल नाटक हुतं आन त्ये तात्या बसवत्यात. तालमी आमच्याच सोप्यात. गडी सगळे गावातले, बाई तेवढी सांगलीची, कुंदाबाई. ती जत्रंदिवशी यष्टीनं येती, तोंड रंगवून काम करती, दुसऱ्या दिवशी जाती. तालमीला येत न्हाई. मग तालमीत तिची भाषनं म्हनायची कुनी? तीन वर्सं झाली, मीच म्हनते. सैपाकघराच्या दाराआड बसून. घरातल्या पोरीनं गड्यांम्होरं उभं ऱ्हायचं न्हाई, पर नुसता आवाज आला तर चालतोय. नायकाचं काम करनारा अर्जुना दाराकडं बघून "प्रिये" म्हनतो, मी आत भाकरी थापत "नाथ" म्हनते. आई म्हनती, "तुझ्या नाथाला सांग, जाताना सरपान फोडून जा म्हनावं."

गेल्या साली दुसऱ्या अंकाला निम्मी मानसं उठून शेजारच्या गावच्या तमाशाला गेली. तवापासनं तात्या कुनासंगं धड बोलत न्हाईत. औंदा त्यांनी सवताच नाटक लिवलंय. चंद्रा नावाची सून, तिचा नवरा लढाईवर, आन मग तार येती. तात्या देवळात सगळ्यांम्होरं बोलून बसल्यात, "औंदा मानसं उठली तर मी नाटकाला हात लावनार न्हाई."

१६ जानेवारी

मुंबईच्या काकूला पोरगा झाला. सैपाकाला मला जायचं हाय, म्हैनाभर. तात्या बी येनार. "तिकडची नाटकवाली मानसं कशी बसवत्यात त्ये बघून येतो. कायतरी नवं आनल्याबिगर आपलं खरं न्हाई," म्हनत्यात. आईनं दोगांच्या बी पिशवीत दशम्या घातल्या. मी पलूसच्या म्होरं कवा गेलेली न्हाई.

२१ जानेवारी, मुंबई

आजचं कसं लिवू.

काकाच्या वळखीच्या सोनाराची पोरगी नाच शिकती, दिघेबाई म्हनून हायत त्यांच्याकडं. त्या नाटक बी बसवत्यात. सोनारानं चिठ्ठी दिली. तात्या म्हनले, "राही, तू बी चल. तुझ्या ध्यानात ऱ्हातंय, माझ्या ऱ्हात न्हाई."

एका शाळंचा हॉल. पर्दा न्हाई, पेटी न्हाई, रंग न्हाई. पंधरा-वीस बाया आन गडी फरशीवर उतानं पडल्यालं, जवळजवळ, डोळं मिटून, आन तोंडानं नुसता "आऽऽ" आवाज. मला वाटलं ह्यास्नी कायतरी खान्यातनं बाधलंय. मी तात्यांच्या कोटाची बाही धरली. तेवढ्यात त्यातलीच एक बाई उठली. केस पांढरं, आईपेक्षा थोरली, पदर कमरंला खवल्याला, घामानं भिजल्याली. म्हनली, "या. मी दिघे."

तात्यांनी गाडीत बसून भाषन तयार केलतं. त्ये पार इसरले. मी मागनं हळूच म्हनले, "आमी खेड्यातली मानसं..." मग त्यांची गाडी रुळाला लागली. "आमी खेड्यातली मानसं, नाटकाचा नाद हाय, चार गोष्टी शिकाव्या म्हनून आलोय."

दिघेबाई म्हनल्या, "ऊस आहे का तुमच्याकडे? मग तोडता कसा ते दाखवा ना."

"हितं?"

"हो, इथंच."

तात्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग कोट काढून माझ्याकडं दिला आन त्या रिकाम्या फरशीवर ऊस तोडाय लागले. वाकायचं, बुडक्यावर घाव, वर उचलून पाला काढायचा, शेंड्याचं वाडं छाटायचं. सगळी गप बसून बघत हुती. आन मग ती वीस जनं उठली आन तात्यांच्या मागं वळीनं तसंच कराय लागली. बाया सुदीक. आमचा बा म्होरं आन मुंबईची मानसं त्याच्या मागं, फरशीवर ऊस तोडत्यात. मला हसावं का रडावं कळंना.

परत येताना तात्या लय चिडले हुते. "मी आलो शिकाय, आन मलाच वैरनीला लावलं." मग जरा येळानं म्हनले, "पर त्या उंच बाईनं कोयता बराबर धरला हुता."

२४ जानेवारी

रोज दुपारी जातोय. काकूची आई आलीया, ती घर बघती.

त्यांचं नाटक असं. एका गिरनी कामगाराची बायको. सकाळी त्याचा डबा भरून देती, आन दुपारी दोन मानसं येऊन सांगत्यात, तुमचा मानूस मशीनीत गावला, गेला. ती बायको म्हंजी ती उंच बाई. पर ही मानसं तालीम करत्यात ती बी बसून, च्या पीत. भाषनं भराभरा म्हनत्यात, रडत न्हाईत का वरडत न्हाईत, बाराखडी म्हनल्यागत. तीन दिवसांत माझं सगळं नाटक पाठ झालं. तात्या म्हनत्यात, "ह्यात नवं काय हाय रं देवा. ह्यापरीस आपला अर्जुना बरा."

दिघेबाईनी मला दोनदा नाव इचारलं. दोन्ही येळा तात्यांनीच सांगितलं.

२६ जानेवारी

मी आज असं काय केलं की जमीन फाटली असती तर मी आत गेले असते.

आज खरा खेळ हुता. शंभरभर मानसं. हॉलात अंधार, इस्टेजवर एकच दिवा. मी चौथ्या वळीत, तात्यांच्या बाजूला. ती दोन मानसं आली, सांगून झालं, मानूस गेला म्हनाले. आता बाईचं भाषन. मला ठावं हुतं, "डबा कुठाय त्यांचा?" असं ती म्हनती.

ती म्हनंचना.

नुसती उभी. हात वला, पदराला पुसत हुती, त्यो हात पदरातच ऱ्हायला. मी मनात मोजलं, पाच, धा, पंदरा. आमच्यात अर्जुना इसरला का मी दाराआडनं सांगते, आमचा पुस्तकवाला गुंडा तर जत्रंदिवशी पर्द्याआड इंगेतनं पुस्तक घिऊन वरडतो. हितं इंगेत कुनीच दिसंना. कुनी का सांगंना हिला? शंभर मानसं बघत्यात, बाई इसरलीया, आन कुनालाच दया न्हाई.

आन माझ्या तोंडातनं गेलं. मोठ्यानं. "डबा कुठाय त्यांचा?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. अंधारात डोळं नुसतं. तात्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. इस्टेजवरची बाई हलली न्हाई. मग तिनं माझ्याकडं न बघता, लय हळू, त्येच म्हनलं. "डबा कुठाय त्यांचा?"

कुनी हसलं न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं. माझ्या पुढची बाई रडत हुती.

ती इसरली न्हवती. ती मुद्दाम गप हुती. नाटकात गप ऱ्हातंय कोन? आमच्यात बाई गप बसली का मानसं शिट्ट्या मारत्यात. मला हे कुनी सांगितलंच न्हवतं.

२७ जानेवारी

दिघेबाईनी बोलवून घेतलं. मला वाटलं आता शिव्या. ती उंच बाई बी बसली हुती. मी तिच्या पाया पडाय गेले तर तिनं मला धरलं, म्हनली, "अगं, मी कालच्याइतकी घाबरले नव्हते कधी. खरंच वाटलं, ते माझ्याच आतून कुणीतरी बोललंय."

दिघेबाई म्हनल्या, "राही, काल म्हणालीस तसं परत म्हण."

मला येईना. समोर चार मानसं. त्या म्हनल्या, "असं कर, भिंतीकडे तोंड कर." मी भिंतीकडं वळले. आन म्हनले. मग त्यांनी इचारलं, "घरी तालमीत काय म्हणतेस?" मी चंद्राचं तारेचं भाषन म्हनलं, तात्यांनी लिवल्यालं, दीड पान. भिंतीवर चुन्याचा पोपडा निगाला हुता, त्याच्याकडं बघत म्हनले. संपल्यावर वळले तर तात्या माझ्याकडं असं बघत हुते, जसं कुनी परकंच मानूस घरात शिरलंय.

दिघेबाई तात्यास्नी म्हनल्या, "नानासो, हिला सहा महिने माझ्याकडे ठेवा. माझ्या घरी राहील. जबाबदारी माझी."

तात्या म्हनले, "बघू."

सगळ्या रस्त्यानं माझ्या म्होरं म्होरं चालले. मी त्यांची लाज घालवली. शंभर मानसांत.

२८ जानेवारी

सकाळीच तात्या म्हनले, सामान बांध, आज निगायचं. काकू म्हनली, "आवं भावजी, म्हैनाभर ऱ्हानार हुती की ती." तात्या म्हनले, "नगं. बास झालं." सगळं माझ्या त्या एका चुकीनं. बाळाचं तोंड बी नीट बघाय मिळालं न्हाई.

१० फेब्रुवारी

तालमी सुरू झाल्या. तात्यांनी गुंडाला माझ्या जागंला बसवलाय. मला म्हनले, "तू आता मोठी झालीस. दारात बसू नगंस." आईनं इचारलं, "काय झालं आवं?" तर म्हनले, "नाटकानं पोरीस्नी याड लागतंय." मला कुठं याड लागलंय, मी तर कुनाशी बोलत बी न्हाई.

गुंडाचा आवाज फुटल्याला. अर्जुना "प्रिये" म्हनला आन गुंडा "नाथ" म्हनला का सगळी हसत्यात. अर्जुना तात्यास्नी म्हनला, "नानासो, ह्याच्याकडं बघून माझं मन कसं लागायचं? म्हशीगत वरडतंय." तात्या म्हनले, "त्याच्याकडं बघू नगंस, पुस्तकाकडं बघ."

मी भाकरी थापताना गप ऱ्हायचं बघते. तसं मी गपच असते, पर ह्ये निराळं. हात थांबवायचा, आन आत सगळं चालू ठेवायचं. आज एक भाकरी करपली.

२ मार्च

मला बघाय आले. इटं गावची मानसं. पोरगा नाथाजी, मद्रासला सोनं गाळायचं दुकान हाय, सवता आला न्हाई, चुलता आन आई आली. चुलत्यानं इचारलं, नाव काय, सैपाक येतो का. आई बनुबाई, पांढरं कपाळ, तिनं कायच इचारलं न्हाई. नुसती माझ्या हाताकडं बघत हुती. त्यांचा थोरला मुलगा वारलाय, एवढं चुलता बोलला.

मला कायच कळंना. थोरल्या बहिनीचं लगीन ती वीस वर्साची झाल्यावर केलं. मी सतराची बी न्हाई. तात्यास्नी एवढी घाई कशाची झालीया? आई म्हनती, "सोन्यात काम करनारं घर हाय, नशीब काढलंस." आन भांडी घासताना तोंड वळवून डोळं पुसती.

मद्रासला लोक काय बोलत्यात त्ये बी मला ठावं न्हाई.

२१ मार्च

सुपारी फुटली. जत्रा झाली की लगीन. बनुबाईस्नी जत्रंला बोलवलंय.

दिघेबाईचं पत्र आलतं म्हनं. पोस्टमन अर्जुनाला बोलला, अर्जुना आईला बोलला. मला कुनी दावलं न्हाई. मी इचारलं बी न्हाई.

२६ एप्रिल, जत्रा, दुपार

घरात पंचवीस पावनं. कुंदाबाई सकाळच्याच यष्टीनं आल्या, पेटारा घिऊन. दरसाल त्यांची आमच्या माळवदावर सोय असती. मी च्या घिऊन गेले तर त्या डोक्याला हात लावून बसल्याल्या.

"नानासोंनी ह्यो काय घोळ घातला गं? जुनी नाटकं मला झोपंत येत्यात. ह्ये नवं, आन ह्यो गुंडा सांगनार. त्येला सवताला वाचाय येतंय का आधी?"

"अडखळत," मी म्हनले.

"तुला येतं?"

"पाठ हाय," मी म्हनले.

"बस मग खाली."

जेवानपातुर बसलो. मी भिंतीकडं तोंड करून म्हनत हुते, त्या मागनं म्हनत हुत्या. त्यांनी इचारलं न्हाई भिंतीकडं का म्हनून. तारेचं दीड पान आलं तवा त्या म्हनल्या, "ह्ये रडनं मला ठावं हाय. बांगड्या फोडायच्या, लोळायचं. दर गावात लोळलीया मी. गुडघं गेलं माझं."

मग मी त्यास्नी मुंबईचं सांगितलं. उंच बाई कशी उभी हुती, हात पदरात कसा ऱ्हायला. माझी चूक बी सांगितली. कुनालाच सांगितली न्हवती. कुंदाबाई हसल्या न्हाईत. म्हनल्या, "आन डबा म्हनाली? मग आपल्या चंद्रानं काय म्हनायचं? ती काय करत असंल तार येती तवा?"

मला काय ठावं. तात्यांनी लिवल्यालं दीड पान, त्यात ती काय करत असती त्ये न्हाईच. मी म्हनले, "चुलीवर दूध असंल. ती म्हनंल, दूध उतू जाईल. आन आत जाईल."

कुंदाबाई म्हनल्या, "तुझ्या बापाला ह्ये ठावं हाय का?"

"काय?"

"काय न्हाई. जा, तुझी आई हाका मारती."

२७ एप्रिल, सकाळ

मी बायकांत बसले हुते. बाजूला बनुबाई. पयला अंक झाला, मानसं बसून हुती. दुसऱ्या अंकाला तार आली. सासऱ्यानं वाचली. चंद्रा उभी.

ती बोलंना. आन गुंडा इंगेत न्हवताच, कुंदाबाईनी त्याच्या हातातलं पुस्तक काढून घिऊन त्याला आधीच सांगितलतं, "ह्या परवेशाला तू भजी खाऊन ये जा." मागनं एक शिट्टी आली. कुनीतरी वरडलं, "बाई इसरली रं." मी डोळं मिटलं. आता उठनार मानसं, आता तात्या संपले, आन हे बी माझ्यामुळं.

मग आवाज बंद झालं. मी डोळं उघडलं. चंद्रा तशीच उभी, एक हात वर, तार घ्यायला निगाल्याला, आन अर्ध्यातच. आमच्या गावात घराघरातला गडी मिलटरीत हाय. बायकांत कुनी पोरगं रडत हुतं, त्याचं तोंड त्याच्या आईनं दाबलं. मी मोजाय गेले आन मोजनं इसरले.

"दूध उतू जाईल, मामंजी," कुंदाबाई म्हनल्या, आन आत गेल्या.

बनुबाई उठल्या. भरल्या बायकांतनं, पाय देत, दिव्याच्या म्होरनं निगून गेल्या. सगळ्यांनी बघितलं. त्यांच्या मागनं त्यांचा दीर बी गेला. पर दुसरं कुनी उठलं न्हाई. नाटक संपस्तवर कुनीच उठलं न्हाई.

आज पहाटं मी म्हस पिळाय गेले तर गोठ्यात बनुबाई, रातची यष्टी न्हवती म्हनून ऱ्हायल्याल्या. आन तात्या बी, खांबाला टेकून. बनुबाईनी मला इचारलं, "त्ये दुधाचं तू सांगितलंस? ती नाटकवाली म्हनली मला."

मी तात्यांकडं बघितलं. खोटं बोलाय पायजे हुतं. "व्हय," म्हनले.

"मी बी म्हस पिळत हुते," त्या म्हनल्या. "चार वर्सं झाली. तार घिऊन मास्तर आला, वाचली, माझा थोरला गेला म्हनाला. मी पिळायचं थांबले न्हाई. निम्मं दूध अजून थानात हुतं. पिळून झालं, मग उठले. रडाय आलंच न्हाई. तवापासनं भावकी बोलती, हिला पोराचं काय न्हाई, ही दूध काढत बसली." त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "रातच्याला पयल्यांदा वाटलं, मी याडी न्हाई."

तात्या म्हनले, "बनुबाई, पोरीची चूक झाली असंल तर..."

"चूक न्हवं. पर नानासो, ही सून मला नगं."

माझ्या हातातली चरवी पडली.

"आमच्या घरात चार वर्सं कुनी कुनाशी बोलत न्हाई," त्या म्हनल्या. "पोरगा मद्रासला, दीर रानात. आमचं घर आधीच लय गप हाय. हिला तितं न्हिऊन काय करू? हिला बोलाय लावा." आन माझ्या गालाला हात लावून, न जेवता, पयल्या यष्टीनं गेल्या.

सुपारी मोडली. जत्रंदिवशी, पंचवीस पावन्यांत. आई चुलीम्होरं बसून ऱ्हायलीया. मला कळंना, ह्यो नकार हाय, का काय हाय.

२८ एप्रिल

तात्या रानात गेल्यात ते दिसभर आलेच न्हाईत. गावात सगळी म्हनत्यात, नानासोनी औंदा नाटकात जीव आनला. अर्जुना तर देवळापाशी सांगत सुटलाय, "आमचं दीड पान कापलं तवा कुठं खेळ उभा ऱ्हायला." त्ये दीड पान तात्यांनी तीनदा लिवलं हुतं. मला लय वाईट वाटलं.

३० एप्रिल

आज तात्या दुपारीच घरी आले. मी धान्य निवडत हुते. समोर येऊन बसले. खिशात एक कार्ड, पोस्टातनं आनल्यालं, कोरं.

म्हनले, "दिघेबाईची मागली पत्रं मी फाडली. तीन आलती." आन मग बराच येळ माझ्याकडं बघितलंच न्हाई. "तू तितं भिंतीकडं तोंड करून बोललीस, आन मला वाटलं, ही आता आपली न्हाई ऱ्हात. म्हनून पळालो. म्हनून इट्याचं स्थळ बघितलं."

मी म्हनले, "मला वाटलं मी तुमची लाज घालवली."

"लाज?" म्हनले. मग पेन काढलं. "त्या दिघेबाईचा पत्ता ठावं हाय का तुला?"

पाठ हुता. सांगितला. त्यांनी लिवला. मग पेन हातात धरून थांबले. आत्तापातुर घरातली सगळी पत्रं त्यांनीच लिवली, कुनाला कदी इचारलं न्हाई.

"म्होरं काय लिवू?" म्हनले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघून सांगाय लागले. त्ये लिवत गेले. कार्ड पुरलं न्हाई.